ती घरघर माझी नव्हती

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सहसा उसासे टाकतात. मी उसासे टाकणार नाही. मी मुलुंडच्या एका घरातला जुना माइक आहे आणि मला राग आलेला आहे. आमच्या जातीला ऐकता येते, बोलता येत नाही. लोक माझ्यात बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही. त्यामुळे हा राग मी बरेच दिवस पोटात ठेवला. आज तो बाहेर काढणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या छपराखालच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात लोहचुंबक आहे. त्याच्याभोवती केसाएवढ्या तारेचे वेटोळे आहे, आणि त्या वेटोळ्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा ताणलेला आहे. आवाज पडद्यावर आदळला की वेटोळे हलते आणि आवाजाची वीज होते. एवढेच माझे काम. मी आवाजात काही घालत नाही, आवाजातले काही चोरत नाही. माझे सगळे भांडण या एका वाक्यावरून आहे.

तो पडदा कुंदा नावाच्या बाईंनी चिकटवला. तयार झालेला प्रत्येक माइक त्या तोंडाशी धरत आणि आज घरी काय रांधायचे ते त्याला सांगत. माझ्या वाट्याला शेवग्याच्या शेंगांची आमटी आली. पलीकडच्या स्पीकरमधून ती जशीच्या तशी ऐकू आली तेव्हा कुंदाताईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. त्यानंतर इतक्या सरळ मनाने मला कोणी तपासले नाही.

मुलुंडच्या एका मराठी शाळेने मला विकत घेतले. रोज सकाळी परिपाठाला मला मैदानात दांडीवर चढवत. माझ्यापुढे सुविचार झाले, बातम्या झाल्या, पाढे झाले. पोरे मला इतकी जवळ धरत की माझ्या जाळीला दंतमंजनाचा वास लागे. पण माझे खरे दिवस होते ते घाडीबाईंचे. रत्नप्रभा घाडी त्यांचे नाव. त्या मराठी शिकवत. माणसे मूळची देवगडकडची. सासरे गिरणीत होते, नवरा चंद्रप्रकाश टेलिफोन खात्यात. बाईंचा आवाज रुंद होता आणि त्याला किंचित खरखरीत कड होती, नव्या सुंभासारखी. शिकवताना त्या शुद्ध मराठी बोलत आणि चिडल्या की मालवणीवर येत. मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत मी तो आवाज नेत असे, कडेसकट. स्नेहसंमेलनाचे पाहुणे म्हणत, माइक फार छान आहे हो तुमचा. तेव्हा मला वाटे की ही स्तुती आम्हा दोघांची आहे.

मग शाळेत पोरे येईनाशी झाली. आधी वर्ग रिकामे झाले, मग मजले रिकामे झाले, आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागले. बाके, नकाशे, पितळी घंटा सगळे भंगाराच्या टेम्पोत चढू लागले. मीही त्या ढिगात, माझ्याच वायरीत गुंडाळलेला पडलो होतो. बाई आल्या, वाकल्या आणि मला उचलले. हा मी नेतेय, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी परवानगी विचारली नाही आणि कोणी अडवले नाही. त्यांचा श्वास जोरात नाकातून येत होता. रागावलेले माणूस मला श्वासावरून कळते.

गव्हाणपाड्यातल्या त्यांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, स्वेटरांच्या खाली, मी कित्येक वर्षे पडून राहिलो. त्याची माझी तक्रार नाही. शाळाच गेली तर माइक काय करणार? माझी तक्रार पुढची आहे.

बाईंचा आवाज बसला. पहिल्यांदा सगळ्यांना वाटले, सर्दी असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. मग डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी कपाटाच्या दारातून मला निकाल ऐकू आला. बाईंच्या स्वरयंत्रात गाठ होती आणि ती साधी नव्हती. स्वरयंत्र काढावे लागणार होते. जीव वाचेल, आवाज जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ऑपरेशनची तारीखही ठरली होती.

बाईंचा मुलगा नितेश लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो, त्याला कॉम्प्युटरचे सगळे कळते असे घरात मानतात. त्याने आईला उपाय सांगितला. बोलायचे ते फोनवर टाइप करायचे आणि फोनने ते मोठ्याने म्हणायचे. त्याने एक तयार आवाज लावूनही दाखवला. तरुण बाईचा, गोड, गुळगुळीत आवाज. "नमस्कार, मला पाणी हवे आहे," असे ती बाई म्हणाली. घाडींच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अशीच एक बाई दिवसभर दरवाजा बंद करायला सांगत असते.

घाडीबाईंनी ते ऐकून घेतले. मग त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "मी लिफ्ट आहे काय रे?"

"आई, कामापुरतं गं. सगळेच वापरतात."

"माका माझोच आवाज होयो."

त्यावर नितेशने लॅपटॉप उघडला. नंतर त्याने शोध घेतला तेव्हा एक संस्था सापडली. माणसाची बरीचशी वाक्ये त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवली तर ती संस्था टाइप केलेले काहीही त्याच्याच आवाजात बोलणारा फोन तयार करून देत असे. अट एकच होती. रेकॉर्डिंग स्वच्छ हवे, मागे कसलाही आवाज नको. चंद्रप्रकाश उठले, त्यांनी स्टूल ओढले आणि कपाटातून मला खाली काढले. त्यांनी मला धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसले. मित्रांनो, मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! बाईंचा आवाज जाणार होता आणि तो शेवटचा मी घेणार होतो.

हॉलच्या कोपऱ्यात टेबल लागले. टेबलावर नितेशचा लॅपटॉप. माझी वायर एका लहान डबीत जात होती आणि डबीची वायर लॅपटॉपमध्ये. माझ्याकडून येणारा आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत सांगणे हे त्या डबीचे काम. बाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी संस्थेने पाठवलेले पहिले वाक्य वाचले, "आज हवा छान आहे." आवाज बसका होता, पण बाईंचाच होता. कड जागच्या जागी होती.

नितेशने ते परत लावले. वाक्याच्या खालून घूंऽऽ असा सलग आवाज येत होता, बंद डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा. वाक्य संपले तरी तो चालूच होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"माइकची वाट लागलीय," नितेश म्हणाला.

त्याने मला टकटक केले, हलवले, माझी पिन काढून परत खुपसली. बाईंनी मला हातात धरले की घरघर कमी होई, स्टँडवर ठेवले की वाढे. यावरून त्याने असा निकाल लावला की माझ्या पोटात काहीतरी सुटले आहे. मग त्याने स्क्रू काढून मला उघडले. कुंदाताईंनंतर माझ्या आत कोणी पाहिले नव्हते. त्याने तापलेल्या सळईने माझे शाबूत सांधे वितळवले आणि पुन्हा जोडले. एका ठिकाणी हात घसरला आणि माझ्या अंगाची कड जळाली. मला बंद करून त्याने पुन्हा रेकॉर्ड केले. घूंऽऽ. जराही फरक नव्हता. तरी त्याचे मत बदलले नाही.

दिवस चालले होते, म्हणून त्याने तशीच वाक्ये पाठवून दिली. संस्थेचे उत्तर आले की प्रत्येक वाक्याखाली घरघर आहे, यातून आवाज केला तर त्या आवाजातही ती कायमची राहील, कृपया पुन्हा रेकॉर्ड करावे. नितेशला ते लागले. तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याने घरघर पुसून टाकणारी एक युक्ती वापरली. घरघर गेली. पण ती ज्या थरात होती त्याच थरात बाईंच्या आवाजाचे बूड होते. ते बूडही गेले. खरखरीत कड गेली. उरले ते पाण्याखालून कोणीतरी पत्र्याचे तोंड करून बोलावे तसे. मी सगळे नेमके दिले होते आणि या मुलाने ते धुऊन टाकले होते.

बाईंनी हेडफोन लावून ऐकले. "ही कोण?" त्यांनी विचारले.

नितेशने ती फाइल बंद केली. चंद्रप्रकाश उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले.

मग घरादाराला गप्प करण्याची मोहीम निघाली. फ्रिज बंद झाला. पंखा बंद झाला. ट्यूबलाइट विझली. खिडकीवर गोधडी टांगली, कारण शेजारची इमारत पाडत होते आणि ड्रिल दिवसभर चाले. एसीच्या डब्यावर बसणाऱ्या कबुतरांना हाकलायला चंद्रप्रकाश काठी घेऊन बाल्कनीत उभे राहिले. वरच्या मजल्यावर जाऊन कुकर जरा नंतर लावा म्हणून विनवून आले. घामाने निथळत, अंधारात, बाई पुन्हा पुन्हा हवा छान असल्याचे सांगत राहिल्या. ड्रिल गेले, कबुतरे गेली, घूंऽऽ तसेच राहिले. त्यातल्या कोणत्याच आवाजाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मला ते कळत होते. सांगणार कसे?

नितेशने त्याच्या प्रीतम नावाच्या मित्राकडून महागडा माइक मागून आणला. तो मखमली पेटीतून निघाला, माझ्या जागी बसला, आणि त्याच्यात ती घरघर माझ्यापेक्षा मोठी आली. शिवाय खालच्या मजल्यावरचा सिरियलचा आवाजही आला. त्याला पेटीत घालून परत पाठवले. मला पुन्हा स्टँडवर बसवले. तुम्हांला वाटेल, आता तरी कोणी म्हणेल की चुकलो, हा निर्दोष आहे. कोणी म्हणाले नाही. नितेश म्हणाला, "दोन्ही माइक खराब निघाले, काय नशीब आहे."

त्या दिवसांत घरात सगळेच एकमेकांवर ओरडत होते. बाईंचा आवाज रोज थोडा आणखी आत जात होता. सकाळी होता तेवढा संध्याकाळी नसे. घरघरीपायी वाया गेलेले प्रत्येक वाक्य त्या घशाने एकदा म्हटलेले असे, आणि त्या घशात फार वाक्ये उरलेली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच कोणी ते बोलत नव्हते. बोलण्याऐवजी चहात साखर जास्त का पडली यावरून भांडणे होत.

अक्षता ही नितेशची बायको. घाटकोपरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिचे आणि बाईंचे सूत कधी जुळले नव्हते. दोघी एकमेकींना टोमणे मारत नसत, पण कामाव्यतिरिक्त शब्दही खर्च करत नसत. एका रविवारी दुपारी ती हात पुसत हॉलमध्ये आली आणि नितेशला म्हणाली, "तू सगळं एकदम बदलतोयस. लॅबमध्ये रिपोर्ट चुकला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि परत बघतो. ऊठ."

"तुला यातलं काय कळतं?"

"तुला कळतं ना? मग झालं का नीट?"

तो उठला. अक्षताने हेडफोन कानाला लावले आणि सर्वांत आधी मलाच वायरीवरून काढून टाकले. माझ्याशिवाय नुसती वायर. घूंऽऽ चालूच. मित्रांनो, ती माझी निर्दोष सुटका होती! पण तिने त्याचा गाजावाजा केला नाही. तिने वायर बदलली. घूंऽऽ. डबीची वायर बदलली. घूंऽऽ. टेबल उचलून दुसऱ्या भिंतीशी नेले. घूंऽऽ. शेवटी तिने लॅपटॉपच्या चार्जरकडे पाहिले. लॅपटॉपची बॅटरी जुनी म्हणून तो चार्जर कायम भिंतीला लावलेला असे. इतका कायम, की तो कोणाला दिसतच नव्हता. तिने तो ओढून काढला.

घरघर थांबली. हेडफोन तिच्या कानात होते, पण तिच्या चेहऱ्यावरून ती शांतता सगळ्यांना कळली. चार्जर लावला, घूंऽऽ. काढला, काही नाही.

नितेशला हायसे वाटले. चार्जर खराब, नवा आणू, असे तो म्हणू लागला. अक्षता मात्र हलली नाही. तिने चार्जर पुन्हा लावला आणि हाताची मागची बाजू लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हलकेच फिरवली. मग ती बाईंकडे वळली.

"हे तेच आहे," ती म्हणाली. "मशीनला हात लावल्यावर लागतं ते."

इथे मला मागची गोष्ट सांगायला हवी. कपड्यांचे मशीन लावताना ओल्या हाताला झिणझिण लागते, असे अक्षता घरात सांगत आली होती. नितेश म्हणाला होता, स्टॅटिक असेल. चंद्रप्रकाश म्हणाले होते, पायात चप्पल घालत जा. आणि बाई म्हणाल्या होत्या की माका कधी लागला नाय, तुझ्याच हाताला कसं लागतं? त्यानंतर ती सांगायची बंद झाली. स्वेटरांखाली पडून मी ते सगळे ऐकले होते.

चंद्रप्रकाशांनी टेस्टर आणला. लॅपटॉपच्या झाकणाला टेकवताच त्यातला दिवा मंद लाल झाला. मशीनला लावला, लाल. गीझरच्या नळाला लावला, लाल. मग ते घरातल्या प्रत्येक सॉकेटपाशी खाली बसून उठले. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक असते ते अर्थिंगचे. यंत्राच्या अंगावर भटकणारी वीज त्या वाटेने जमिनीत जायला हवी. या घरात ती वाट पुढे कुठेच जात नव्हती. भोक नुसते शोभेला होते. ती वीज मग लॅपटॉपच्या अंगावर गुणगुणत बसली होती, आणि बाईंनी मला धरले की त्यांच्या अंगातून थोडी वाट काढत होती. म्हणून त्यांच्या हातात घरघर कमी होई. जी गोष्ट माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून धरली गेली, ती खरे तर धोक्याची सूचना होती.

बाईंनी अक्षताच्या पायांकडे पाहिले.

"तू चपला घालून मशीन लावतेस ती यासाठी?"

"हो."

"किती वेळा सांगितलं होतंस?"

"मोजलं नाही, आई."

त्या दिवसापासून मशीन आणि गीझर बंद झाले आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर सुरू झाले. जुनी बॅटरी आणि बाईंचा घसा साधारण एकाच वेळी दमत. मग दोघांना विसावा देत. अक्षता सुटी घेऊन कॉम्प्युटरशी बसे. ती बोट वर करे, बाई वाचत, ती ऐके आणि मान हलवी. कधी म्हणे, शेवटचा शब्द गिळलात, परत. बाई रागाने तिच्याकडे बघत आणि परत म्हणत. संस्थेची वाक्ये संपली तेव्हा बाई म्हणाल्या की यात भांडायचं एकही वाक्य नाही, हे काय आयुष्य आहे? मग त्यांनी स्वतःची वाक्ये भरली. जेवलंस काय. खय गेल्लंस. माझ्या डोळ्यांसमोरून जा. एकदा अक्षताने विचारले की घरातल्या हाका भरायच्या का. बाईंनी नितेशला हाक मारली, नवऱ्याला "अहो" म्हणून झाले, आणि मग त्या थांबल्या. सुनेला त्या नेहमी "अगं" म्हणत. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अक्षता." मनासारखे आले नाही. पुन्हा म्हटले. घसा दुखत असूनही, हवा तसा आवाज लागेपर्यंत म्हणत राहिल्या. अक्षता स्क्रीनकडेच बघत होती. मी ती प्रत्येक हाक घेतली, आणि तिच्याखाली कसलीही घरघर नव्हती.

इस्पितळात दाखल व्हायच्या आधी काम पूर्ण झाले. या वेळी रेकॉर्डिंग नाकारले गेले नाही.

मधल्या दिवसांत चंद्रप्रकाश आणि नितेश सोसायटीचे सेक्रेटरी राजेश सामंत यांच्याकडे जाऊन आले. थोड्याच महिन्यांपूर्वी सामंतांनी मीटरची खोली चकाचक करून घेतली होती. टाइल्स, रंग, देवाची तसबीर. त्याचे त्यांना फार कौतुक होते. चंद्रप्रकाशांनी दारातून वाकून पाहिले तर जमिनीतून वर येणारी अर्थिंगची तार कामात आड आली म्हणून कापलेली होती, आणि भिंतीबरोबर तिच्या टोकालाही रंग फासलेला होता. म्हणजे एका घराची नाही, सगळ्या इमारतीची वाट बंद होती. सामंत म्हणाले, "घरात वीज येतेय ना? मग?" आणि पुढे म्हणाले, तुमचा माइक जुना आहे, तो बदला. खोलीला कुलूप घालून त्यांनी किल्ली खिशात टाकली. चंद्रप्रकाशांनी शेजाऱ्यांना दारोदार सांगितले. काहींनी ऐकले, बरेच हसले. घरात ऑपरेशन होते. भांडायला माणूस उरला नाही.

बाई इस्पितळात असतानाच दुसऱ्या मजल्यावरच्या चेतनाला गीझरच्या नळाने झटका दिला. ती बाथरूममध्ये फेकली गेली आणि तिचा हात मोडला. जीव वाचला, तो तिच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून.

बाई घरी आल्या. गळ्यापाशी भोक, त्यावर पांढरा जाळीचा रुमाल. श्वास तिथून येऊ लागला होता. त्या हिंडूफिरू लागल्या तोवर सोसायटीच्या सभेचा दिवस आला. सोसायटीचा माइक ऐन वेळी मिळेना, म्हणून माझी आठवण झाली. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. स्पीकरची वायर मीटरच्या खोलीबाहेरच्या बोर्डात लावली होती. सामंतांनी मला हातात घेतले आणि स्पीकरमधून तीच घूंऽऽ सगळ्या पार्किंगभर पसरली. सामंतांनी अंगठी घातलेल्या बोटाने माझ्या डोक्यावर टकटक मारले आणि हसून म्हणाले की माइक जुना आहे, सांभाळून घ्या.

बाई उठल्या. त्या सामंतांपर्यंत चालत गेल्या, मला त्यांच्या हातातून घेतले आणि टेबलावर ठेवले. मग त्यांनी फोनवर टाइप केले आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मी रत्नप्रभा घाडी बोलते आहे. माझ्या गळ्यात आता आवाज नाही. ऐकताय तो माझाच, आधी भरून ठेवलेला."

मित्रांनो, तो आवाज माझ्यातून एकदा गेलेला होता. तो पुन्हा माझ्यावर येऊन आदळला, बुडासकट, कडेसकट. बाई टाइप करत होत्या आणि सगळे थांबले होते.

"ही घरघर माइकची नाही. मीटरच्या खोलीत अर्थिंगची तार कापून वर रंग मारला आहे."

"बाई, हा विषय अजेंड्यावर नाही," सामंत म्हणाले.

बाईंनी पुन्हा टाइप केले. त्यांना घाई नव्हती.

"चेतनाचा हात मोडला, तोही अजेंड्यावर नव्हता."

मागच्या रांगेत हाताला प्लास्टर घातलेली चेतना उभी राहिली. तिने प्लास्टरचा हात वर केला. तिच्या शेजारचे दोघे उभे राहिले, मग आणखी काही. सामंत कागद चाळू लागले. बाईंचे टाइप करणे या वेळी लांबले. त्यांची बोटे मध्येच थांबत, पुन्हा चालत. फोन माझ्यासमोर आला.

"माझी सून हे सगळ्यांच्या आधी सांगत होती. तिच्या हाताला लागत होतं. मी तिला खोटं पाडलं. ती खरं बोलत होती. आता किल्ली द्या."

सामंतांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांच्या बाजूने कोणी बोलेना. त्यांनी खिशात हात घातला. अक्षता रांगेतून पुढे आली आणि तिने हात पसरला. किल्ली तिच्या तळहातावर पडली, त्याचा बारीक आवाज मी घेतला आणि तो स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकला.

तार जोडली गेली. रंग खरवडावा लागला, दोन टाइल्स फुटल्या. सामंत अजूनही म्हणतात की घाडींनी खोलीची शोभा घालवली. मला टेबलावर ठेवले आहे, स्वेटरांखाली नाही. चार्जर भिंतीला लावलेला असतो आणि माझ्यात घरघर येत नाही.

माझा राग गेला का? नाही. माझे पोट फाडले त्याची माफी कोणी मागितली नाही, आणि मी ती मागायलाही जाणार नाही. पण अक्षताच्या ओल्या हाताचे काय? तिला बोलता येत होते आणि ती बोलली होती. मला बोलता येत नाही म्हणून मी एकटा पडलो, असे मला वाटत होते. बोलता येणारीचीही तीच गत झाली, हे पाहून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

म्हणून मित्रांनो, वस्तू पुसा, जपा, ओल्यात ठेवू नका, हे तर तुम्हांला माहीतच आहे. पण एखादे यंत्र कुरकुरू लागले की आधी त्याच्या टाळक्यात मारू नका. ते कशाविषयी सांगते आहे ते शोधा, एका वेळी एक गोष्ट बदलून. आणि घरात कोणी म्हणाले की इथे झिणझिण लागते, तर माझ्या हाताला लागत नाही असे म्हणू नका. मेन स्विच बंद करा, आणि मग त्या माणसाला शेजारी बसवून विचारा की कधीपासून.